आधी वेग कमी करा

मी बोट बोलतेय. माझ्या बाजूवर रंगवलेलं चकचकीत इंग्रजी नाव वाचून मला हाक मारू नका. त्या नावाला मी ओ देत नाही. माझं नाव जेनेरोसा.

मोठी नदी समुद्राला मिळते तिथल्या माराजो बेटावरच्या एका खाडीकाठचा माझा जन्म. माझा देह इताउबाच्या लाकडाचा. हे लाकूड पाण्यात कुजत नाही, उलट हट्टी होत जातं. ओरिवाल्दोनं मला बांधून घेतलं आणि स्वतःच्या आईचं नाव दिलं. मग कित्येक वर्षं तो, मी आणि माझं खोकणारं डिझेल इंजिन बेलेम बंदरातून निघून बेटाबेटांमधल्या अरुंद वाटांनी फिरत राहिलो.

माझ्या दोन्ही मजल्यांवर निजायच्या झोळ्या टांगलेल्या असत. एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाशी. अनोळखी माणसं चढत आणि उतरेपर्यंत एकमेकांच्या मुलांची लग्नं जुळवून मोकळी होत. कुणी कोंबड्या आणी, कुणी फ्रीज. मी कुणालाही नाही म्हटलं नाही.

बेटांच्या वाटेत होड्या भेटत. तिथे घाट नव्हते, म्हणून तिथल्या बायका वल्ही मारत माझ्या कडेला येत, दोराला बांधलेला लोखंडी आकडा माझ्या बाजूला टांगलेल्या टायरात अडकवत आणि चालत्या बोटीवर चढत. कोलंबी नाहीतर असाईची जांभळी फळं विकायची आणि पुढच्या वळणावर आकडा सोडवून परत जायचं. तेवढ्यापुरता ओरिवाल्दो वेग कमी करी. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुणी मोडलंही नव्हतं. नाझिल्दा नावाची बाई तर मान वर न करताच आकडा फेकायची. माझं इंजिन ऐकू आलं, की तिला तेवढं पुरे.

मग वेगवान बोटी आल्या आणि माझे प्रवासी गेले. ओरिवाल्दोनं मला एका पर्यटन कंपनीला विकलं. अट एकच घातली, सुकाणू त्याच्याच हाती राहील. कंपनीनं मला पांढरा रंग फासला. झोळ्या काढून काचेच्या खोल्या केल्या, टायर काढून टाकले आणि पोकळ नळ्यांचा कठडा बसवला. इंजिन तेवढं जुनंच ठेवलं.

पाहुणे वाईट नव्हते. ते प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत. पपईचासुद्धा काढत आणि मग ती तशीच टाकून देत. होड्या दिसल्या की बिस्किटांचे पुडे पाण्यात फेकत आणि कोण उचलतं ते हसत बघत. लाकडाला लाज वाटत नाही, असं कोण म्हणतं?

पहिल्याच फेरीची गोष्ट. कंपनीचा व्यवस्थापक हेल्दर ओरिवाल्दोच्या मागे उभा होता.

"वेग कमी करायचा नाही. सूर्यास्ताला लाल शराटी पक्षी बेटावर उतरतात. पाहुण्यांनी त्यासाठीच तिकीट काढलंय."

"पुढे होड्या आहेत, साहेब."

"मग होऊ देत बाजूला. नदी काय त्यांच्या बापाची आहे?"

"बापाची, आज्याची, पणज्याची," ओरिवाल्दो पुटपुटला. पण वेग काही त्यानं कमी केला नाही.

नाझिल्दानं इंजिन ओळखलं आणि नेहमीसारखा आकडा फेकला. टायर कुठे होता? आकडा कठड्यात अडकला. कठडा बांबूच्या काडीसारखा मोडला आणि आकडा घसरत येऊन माझ्या कुशीतल्या लाकडात रुतला. दोर ताणला, होडी कलंडली. नाझिल्दा दोर धरून कमरेपर्यंत पाण्यात, आणि तिच्या मागेच माझा पंखा पाणी घुसळत होता.

"दोर कापा!" हेल्दर ओरडला. स्वयंपाकी सुरी घेऊन धावलासुद्धा. दोर कापला असता तर ती सरळ पंख्याखाली गेली असती. मला हात नाहीत. पण तो आकडा मी दातांनी धरावा तसा धरून ठेवला.

ओरिवाल्दोनं इंजिन बंद केलं.

नाझिल्दा पाणी निथळत वर चढली. "काय रे म्हाताऱ्या! इंजिन तुझं वाजतंय म्हणून मी वर बघितलंसुद्धा नाही. इंजिन तेच, मग माणूस कधी बदलला?"

"लागलं का गं कुठे?"

"मला नाही लागलं. माझी कोलंबी मात्र माहेरी गेली सगळी."

एका पाहुणीनं घाबऱ्या घाबऱ्या बिस्किटांचा पुडा पुढे केला.

"असू द्या, बाई. आम्ही काय बदकं आहोत?"

हेल्दर लालबुंद झाला होता. "ओरिवाल्दो, पुढच्या घाटावर तू उतरायचं."

"पुढच्या कशाला?" ओरिवाल्दो म्हणाला. त्यानं नाझिल्दाच्या होडीतलं पाणी उपसलं आणि तिच्यासोबत त्याच होडीतून निघून गेला. मागे वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बरं केलं. पाहिलं असतं तर आम्हा दोघांनाही जड गेलं असतं.

आज माझ्या सुकाणूवर नवा माणूस आहे. त्याच अरुंद वाटेत शिरलो, इंजिन वाजलं आणि होड्या निघाल्या. पण आज कुणी आकडा फेकला नाही. एकीला एक होडी बांधून त्यांनी अख्खी वाट अडवली. नव्या चालकानं इंजिन बंद केलं.

"थांबलास का?" हेल्दर गरजला.

"साहेब, डावीकडून तिसऱ्या होडीत माझी मावशी आहे."

हेल्दरनं भोंगा वाजवला. "बाजूला व्हा! पोलिसांना बोलावीन!"

मधल्या होडीत नाझिल्दा कोलंबी सोलत होती, आणि ओरिवाल्दो तिच्यासमोर वल्हं धरून बसला होता. "बोलव की," ती म्हणाली. "त्यांनाही याच वाटेनं यावं लागेल. टायर परत लाव, आणि होडी दिसली की वेग कमी करायचा. एवढं कबूल कर नि जा."

डोक्यावरून शराट्यांचा लाल थवा बेटाकडे गेला. पाहुण्यांनी माना वर केल्या आणि मग खाली होड्यांकडे पाहिलं. "अहो, लावून टाका ना टायर," कुणीतरी म्हणालं. हेल्दर अजून हो म्हणत नाही.

वाचकहो, नदीच्या सफरीला खुशाल या. बेटं बघा, पक्षी बघा. पण तुमच्या सुट्टीआधीपासून इथे कुणाचा तरी दिवस चाललेला असतो, त्याच्या अंगावरून जाऊ नका. हे मी हात जोडून सांगत नाही. बजावून सांगतेय.

ओहोटी लागलीय. पाणी माझ्या कुशीवरून उतरू लागलंय. तळाला थंड चिखल लागला. टेकले मी.

आता हलवून दाखवा.