वाळूच्या हौदाशेजारची चाळण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या चाळणीशी कृपा करून माझी तुलना करू नका. ती बिचारी एका हातात मावते. मला उचलायला दोन माणसे लागतात. मी वाळू चाळते. गावच्या बागेत झोके आणि घसरगुंडी यांच्या खाली वाळूचा एक मोठा हौद आहे. त्याच्या काठाशी माझे सारे आयुष्य गेले.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. उद्यान विभागाच्या शेडमध्ये जुन्या कुंपणाच्या लोखंडी पट्ट्या गंजत पडल्या होत्या. विभागाच्या वेल्डरने त्यातल्या चार धड पट्ट्या निवडल्या, त्यांची चौकट जोडली, तिच्यावर बारीक जाळी ताणून बसवली आणि मागे टेकू लावला. मग तो जरा लांब जाऊन माझ्याकडे बघत म्हणाला, "दिसायला ओबडधोबड आहे, पण दणकट आहे." माझ्या रूपाचे याहून जास्त कौतुक पुढे कोणी केले नाही. मलाही त्याची गरज भासली नाही.

दर महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे बागेच्या देखभालीचा दिवस. त्या दिवशी फाटकाला कुलूप असे आणि आत नुसती लगबग. कोणी झोक्यांच्या साखळ्यांना ग्रीस लावायचा, कोणी घसरगुंडीचे नट आवळायचा, कोणी गळक्या नळाचा वायसर बदलायचा. गवत कापणाऱ्या यंत्राचा आवाज सकाळभर कानांत घुमत राही. तुम्ही मंगळवारी येऊन झोक्यावर बसता तेव्हा तो कुरकुरत नाही, हे तुमच्या लक्षातही येत नाही. येऊ नये अशीच त्या माणसांची इच्छा असते.

या सगळ्यांच्या वर मुकादमबाई. उंचीने ठेंगण्या, पण आवाज असा की बागेच्या दुसऱ्या टोकाचा माळी दचकून उभा राही. चहा पितानाही त्यांचा एक हात कुंपणाचा खांब हलवून बघत असे. त्यांच्या तावडीतून सुटायचा तो फक्त वायरमन. हा उंच, सडपातळ, गप्पिष्ट माणूस. शिडीवर चढला की त्याच्या जिभेला अधिकच धार येई. "बाई, तुम्ही ओरडलात की माझे दिवे आपोआप लागतात," असे तो वरून म्हणायचा आणि बाई खालून त्याला फावडे दाखवायच्या.

कामाचा क्रम ठरलेला होता. वायरमनचे दिवे सकाळी, आणि वाळू सगळ्यांत शेवटी. उन्हे कलली की मला हौदाशेजारी तिरकी उभी करत. बाई आणि माळी फावड्याने वाळू माझ्यावर फेकत. स्वच्छ वाळू जाळीतून पलीकडे पडे आणि नको ते माझ्या अंगावरून घरंगळत खाली येई. खडे, काड्या, बाटल्यांची झाकणे. कधी केसांची पिन, कधी खेळण्यातल्या मोटारीचे चाक. एकदा तर चक्क दुधाचा दात. हरवलेल्या चीजवस्तू बाई धुऊन एका ताटलीत ठेवत आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती ताटली बागेतल्या मंडपात मांडत.

तो रविवार कार्यक्रमांचा. एका कोपऱ्यात आजी-आजोबांचा व्यायाम, दुसरीकडे रोपे लावायचे धडे, मध्ये मोठ्यांच्या धावण्याच्या शर्यती आणि हौदात वाळूची घरे. विभागातलीच माणसे सतरंज्या अंथरत, पाण्याची पिंपे भरत, पोरांची भांडणे सोडवत. मी लांबून सगळे बघत असे. त्या माणसांचा मला फार अभिमान वाटे, आणि आपण त्यांच्यातलेच आहोत याचा त्याहून जास्त.

हौदात रोज येणारी एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी थांबलेली कोणी पाहिलीच नव्हती. फाटकातून आत आली की चपला कुठे उडायच्या याचा पत्ता नसे. तिची आई मागून त्या गोळा करत यायची.

आणि मग तो एक सोमवार आला.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आले होते. ओली वाळू माझ्यातून जात नाही, चिखलासारखी चिकटून बसते. म्हणून बाईंनी क्रम बदलला आणि वाळू सकाळीच चाळून घेतली. सगळ्यांना सांगितले, पण वायरमन उशिरा आला आणि त्याला सांगायचे राहून गेले. मला शेडमध्ये न्यायचेही राहिले. दुपारी वायरमनने हौदावरच्या खांबाला शिडी लावली. जुना दिवा काढताना तो हातातून निसटला, खांबावर आपटला आणि त्याच्या ठिकऱ्या वाळूत पडल्या. त्याने खाली उतरून मोठे तुकडे वेचले. मग माझ्याकडे पाहिले. मी हौदाशेजारी उभी, म्हणजे वाळू चाळायची बाकी आहे, असे त्याला वाटले. "उरलंसुरलं ही काढेल," असे पुटपुटत त्याने माझ्या चौकटीवर थाप मारली आणि निघून गेला.

मित्रांनो, मी सगळे पाहिले होते. पण मला तोंड कुठे आहे? त्या संध्याकाळी बाई आल्या, त्यांनी फक्त दाताळ्याने वाळू सारखी केली. काच आत गेली.

मंगळवारी सकाळी भिंगरीच्या पायात ती घुसली. पोर कळवळली. आईने तिला उचलले, रक्ताने तिचा पदर भिजला, आणि बाई औषधांची पेटी घेऊन धावत आल्या तेव्हा आई म्हणाली, "तुम्ही चाळता ना ही वाळू? तुमच्या भरवशावर मी हिला अनवाणी सोडते."

बाईंचा तो मोठा आवाज त्या दिवशी कुठे गेला, कोणास ठाऊक. त्यांनी खाली बसून भिंगरीच्या पायाला पट्टी बांधली.

भिंगरीच्या पायाला टाके पडले. विभागाच्या साहेबांनी हौदाभोवती दोरी बांधली आणि जाहीर केले की वाळू ट्रकमध्ये भरून न्यायची आणि तिथे रबराच्या लाद्या बसवायच्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, कार्यक्रमात पालकांसमोर ते पक्के करायचे. माझी जाळी फाटली असणार, असे कोणीतरी म्हणाले आणि मला शेडच्या मागे, फुटक्या कुंड्यांशेजारी टाकून दिले. मित्रांनो, पावसात भिजण्याचे मला काही वाटले नाही. न केलेल्या चुकीसाठी तिथे पडून राहण्याचे मात्र फार वाटले.

दोन-तीन दिवसांनी बाई आल्या. त्यांनी मला उभी केली आणि जाळीवरून बोटे फिरवली. कोपरान् कोपरा तपासला. "हिच्यात फट नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग आली कुठून?" त्या तशाच हौदात उतरल्या आणि हातांनी वाळू उपसू लागल्या. थोड्या वेळाने त्यांच्या हाताला काचेचा एक पातळ, बाकदार तुकडा लागला. त्यांनी तो पाहिला आणि मग मान वर करून खांबावरच्या नव्या दिव्याकडे पाहिले.

वायरमनला बोलावणे गेले. तुकडा पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"बाई, मला वाटलं तुम्ही नंतर चाळणार. चाळण उभी होती ना."

"आणि मी सकाळीच उरकलं होतं. तुला सांगितलं नाही."

"त्या पोरीच्या पायात माझ्यामुळे..." गप्पिष्ट माणूस गप्प झाला की बघवत नाही.

दोघे साहेबांकडे गेले. साहेब तेव्हा शेडपाशीच लाद्यांचे नमुने पाहत होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त दमलेले होते. ते म्हणाले, "झालं ते झालं. वाळू जाणारच आहे. आता कशाला उकरून काढता? नोकरीवर गदा येईल."

बाई म्हणाल्या, "साहेब, वाळूचा दोष नाही आणि चाळणीचाही नाही. दोष आमचा आहे. तो सांगितल्याशिवाय मला त्या पोरीच्या आईसमोर उभं राहता येणार नाही. पोरांची वाळू मात्र नेऊ नका. लाद्यांवर कोणी घरं बांधत नाही."

साहेबांनी बराच वेळ लादीच्या कडेवर नख घासले. "रविवारपर्यंत थांबतो," ते म्हणाले.

मग मला कुंड्यांतून बाहेर काढले. बाईंनी माझा गंज घासला, वायरमनने टेकू तेल लावून सरळ केला. त्या आठवड्यात आम्ही सगळा हौद तळापर्यंत उपसला, चाळला आणि पुन्हा चाळला. सगळ्या काचा निघाल्या. कामाने बाईंच्या तळहातांची सालटी निघाली, पण त्यांनी फावडे खाली ठेवले नाही. एवढ्या वर्षांत मी त्यांची कितीतरी कामे पाहिली होती. त्या कामापुढे ती सगळी फिकी वाटली मला.

रविवारी मंडपात पालक जमले. भिंगरीची आई पुढेच बसली होती, आणि मांडीवर भिंगरी, पायात जाड बूट. बाई उठल्या. त्यांनी काही लपवले नाही, शब्द गोड केले नाहीत. आपण क्रम बदलला, सांगायला विसरलो, असे त्या म्हणाल्या. वायरमन उठून म्हणाला, "दिवा माझ्या हातून फुटला. मी चाळणीवर सोडून गेलो."

मागून कोणीतरी विचारले, "आता काच उरलेली नाही, हे आम्ही कशावरून मानायचं?"

बाई हौदापाशी गेल्या, बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी वाळूत उतरल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग वळून परत, पाऊल पावलाला चिकटवत, हौदाचा एक कोपराही न सोडता. वायरमन त्यांच्यामागे. मग माळी. मग वेल्डर, आता म्हातारा झालेला. साहेबांनी इकडे तिकडे पाहिले, पँट दुमडली, आणि तेही उतरले. त्यांच्या एका मोज्याला भोक होते, पण कोणी हसले नाही.

शेवटी भिंगरीची आई उठली. तिने चपला काढल्या आणि रांगेत सामील झाली. चालून झाल्यावर ती साहेबांना म्हणाली, "वाळू राहू द्या. पण हे दर महिन्याला करायचं."

तेव्हापासून दर पहिल्या सोमवारी, सगळी कामे आटोपल्यावर, विभागातली माणसे अनवाणी हौदातून चालतात. मगच कुलूप उघडते. मला आता नवी जाळी बसवली आहे. पण गेल्या मंगळवारची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

भिंगरी कित्येक महिने काठावरच बसायची, बूट घालून. इतर मुलांची घरे बघायची. त्या दिवशी वायरमन जवळून जात होता. तिने त्याला हाक मारली.

"काका, काल तुम्ही चाललात?"

"चाललो."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. त्या तिथल्या कोपऱ्यातही."

तिने थोडा विचार केला आणि बुटाची नाडी सोडली. वायरमन तोंड फिरवून उगाचच खांबाकडे बघत राहिला.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या हातून काही फुटले तर ते झाकू नका, कोणाला तरी सांगा. आणि बागेत खाली न बघता धावता ना, तसेच धावा. फक्त एवढे विसरू नका, की तुमच्या आधी तिथून कोणीतरी अनवाणी चालून गेलेले असते.