गाडीतच राहिलेले शंकू

बातमी आली तेव्हा तो बायकोचे कामाचे जुने बूट उन्हात ठेवत होता. फोन मेव्हण्याचा होता. "भाऊजी, ताई..." एवढंच तो बोलला. पुढचं दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.

रस्त्याकडेच्या खांबावरचा दिवा दुरुस्त करायला ती शिडीगाडीच्या पाळण्यात उभी होती. गाडीवर ड्रायव्हर तिचाच धाकटा भाऊ. मागून ट्रक धडकला. गाडी पुढे ढकलली गेली, गाडीबरोबर पाळणाही गेला, पण बायको जाऊ शकली नाही. कमरेच्या सुरक्षा पट्ट्याचा हूक तिने पाळण्याच्या कडीऐवजी खांबाला लावला होता. खांबावर चढून काम शिकलेल्यांची ही जुनी खोड. "यंत्राचा काय भरवसा? खांब कुठं पळून जातोय?" असं ती म्हणायची. खांब खरंच जागचा हलला नाही. पाळण्याने तिला पुढे ओढलं, पट्ट्याने मागे धरून ठेवलं.

"चूक बाईंचीच," तिच्या कचेरीतले साहेब म्हणाले.

हूक चुकला, हे त्यालाही कळत होतं. पण गाडीच्या मागे रस्त्यावर वाहनांना अडवणारे लाल शंकू मांडलेले असते, तर ट्रक तिथवर आलाच नसता. रस्ता अडला की साहेबच ओरडायचे, म्हणून शंकू गाडीतच पडून असायचे. हे सांगू शकेल असा आता एकच माणूस उरला होता, गाडी चालवणारा मेव्हणा.

तो मेव्हण्याच्या घरी गेला.

"शंकू मांडू नका असं साहेब म्हणायचे, एवढंच चौकशीत सांग."

"नोकरी जाईल, भाऊजी. घरात खाणारी तोंडं किती, तुम्हाला ठाऊक आहे."

"आणि तिला सगळे निष्काळजी म्हणतात ते? हात धरून तुला कामाला कुणी लावलं?"

मेव्हणा म्हणाला, "ताई असती तर म्हणाली असती, गप्प बस, गाढवा."

त्याला हसू फुटलं. अगदी असंच म्हणाली असती ती.

"हो. आणि तुला गप्प बसवून स्वतः जाऊन बोलून आली असती."

मेव्हणा ढसाढसा रडला. "उद्या जातो," म्हणाला.

त्यानंतर हा रस्त्यात दिसला की मेव्हणा दुसरीकडे वळतो. धरून विचारलं तर अजूनही 'उद्या'च म्हणतो. शिडीगाडी दुरुस्त होऊन पुन्हा कामावर निघाली, ड्रायव्हर तोच. कचेरीच्या लेखी चूक तिचीच आहे. तिच्या भावाचा जबाब अजून व्हायचा आहे.