निळा क्लीनर आणि आरशाला खोचलेलं कार्ड

मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे आणि माझ्या झाकणाचा एक स्क्रू हरवला आहे. त्यामुळे मी चालू झालो की झाकण थरथरतं. मित्रांनो, तो आवाज फार मोठा नाही. पण तो आला की दुकानातली माणसं क्षणभर हातातलं काम थांबवतात आणि माझ्याकडे बघतात. त्या बघण्याची मला धास्ती वाटते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्याआधी मी कागदावर होतो. एका रेखाटनकाराने मला काढलं. लांबट अंगाचा, दोन्ही टोकांना गोल, सकाळच्या समुद्रासारखा करडा निळा. खाली चाकांऐवजी जमिनीवरून घसरणाऱ्या दोन चकचकीत पट्ट्या. पाठीवर कातडी मूठ, शेजारी पायाने दाबायचं पितळी बटण, आणि काळ्या-सोनेरी सुताने विणलेली वायर. माझ्या दोन्ही कुशींवर त्याने तीन-तीन रुपेरी रेघा ओढल्या होत्या.

कारखान्याच्या फोरमनला त्या रेघा पटल्या नाहीत.

"या धूळ ओढतात का?" त्याने विचारलं.

"नाही. पण कोपऱ्यातून बाहेर काढताना हा जड वाटणार नाही."

"रेघांनी वजन कमी होत असेल तर माझ्या पोटावरही दोन ओढा."

फोरमनची दुसरी तक्रार मात्र गंभीर होती. माझ्या दोन्ही टोकांना सारखीच चकचकीत कडी होती. एकीकडून मी हवा आत ओढतो, दुसरीकडून बाहेर फेकतो. नळी दोन्हीकडे बसते. पुढचं तोंड कुठलं आणि मागचं कुठलं, हे माणसांना कळणार कसं, असं त्याने विचारलं. वेगळी कडी लावली तर आकार बिघडेल, असं रेखाटनकाराचं म्हणणं होतं. "हात लावला की कळेल," तो म्हणाला, आणि विषय संपला. मला त्या वेळी या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा मी देखणा होतो आणि मला तेवढं पुरत होतं.

मला एका शिंप्याने घेतलं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. रस्त्यालगतचं त्यांचं दुकान लहान होतं. कापड बेतायचं लांब टेबल, तीन शिलाई मशिनी, माणूसभर उंच आरसा, आणि जमिनीवर कायम दोरे, चिंध्या, तुसं. मी आलो त्या दिवशी मास्तरांनी मला टेबलावर ठेवून चारी बाजूंनी पाहिलं. कोटाची शिवण तपासावी तसं माझ्या कडांवरून बोट फिरवलं. "शिवण दिसत नाही कुठे," ते बायकोला म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलं नव्हतं.

काम मात्र मास्तरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, करून घेतलं. रोज दुकान बंद करताना त्या नळी पुढे लावून जमीन साफ करत. शनिवारी नळी मागे लावत आणि माझ्या वाऱ्याने शिलाई मशिनींच्या पोटात साचलेली तुसं उडवत. मग नळी तशीच मागे ठेवून मला कोनाड्यात सरकवत. सोमवारी पुन्हा पुढे. हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं होतं की त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. रोज पदराने हात पुसतो हे का कुणी सांगत बसतं?

अशी पुष्कळ वर्षं गेली. माझा सुती पिशवीचा कोठा भरला आणि रिकामा झाला, माझी वायर दोनदा बदलली. मास्तर गेले. थोरली लेक दुकान बघू लागली. तिने हलका, प्लास्टिकचा नवा क्लीनर आणला. बाई मात्र शनिवारी मलाच काढत. मग एका शनिवारी मशिनी साफ करून त्या पायरी उतरताना पडल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या धाकट्या लेकीकडे राहायला गेल्या. मी कोनाड्यात राहिलो. नळी मागे लावलेलीच होती.

मित्रांनो, अंधारात पडून राहण्याचं मला फारसं वाटलं नाही. त्यानंतर घडलं ते वाईट होतं.

एका गायिकेचा पांढरा रेशमी झगा त्या संध्याकाळी द्यायचा होता. टेबलावर तो तयार पसरला होता. खाली जमिनीवर दुसऱ्या कामाच्या लाल मखमलीची तुसं होती. नवा क्लीनर दुरुस्तीला गेला होता. थोरलीने घाईत मला ओढून काढलं, वायर लावली आणि पितळी बटणावर पाय दिला. मी माझ्याकडून पूर्ण जोर लावला. नळीतून वारा सुटला आणि खालची सगळी लाल तुसं उडून त्या झग्यावर बसली.

थोरलीने बटण बंद केलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले. काज-बटणं करणारी मावशी चिमटा घेऊन एकेक तूस वेचायला बसली.

"उलटा फिरायला लागलाय गं हा," थोरली म्हणाली. "मोटर गेली."

"म्हातारपणी व्हायचंच. आमचे हे नाही का, उत्तरेला पाठवले की दक्षिणेला सापडतात."

झगा उशिरा गेला. गायिका पुन्हा आली नाही. थोरलीने हे आईला कळवलं नाही. गुडघा बरा होईपर्यंत आईच्या जिवाला घोर नको, असा तिचा विचार होता. फोनवर बाई विचारत, "निळा बरा आहे ना?" आणि थोरली म्हणे, "आहे की." त्या वेळी ती माझ्याकडे बघत नसे.

मग दुकानं सजवून देणारा एक गृहस्थ पँट आखूड करायला आला आणि मला पाहून थबकला. त्याने माझ्या रेघांवरून हात फिरवला. असं काम आता होत नाही, असं तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. त्याला एका उपाहारगृहासाठी दिवा करायचा होता. मोटर काढून टाकायची, आत बल्ब बसवायचा, दोन्ही कड्यांतून उजेड पाडायचा.

"तसाही बिघडलेलाच आहे," थोरली म्हणाली. "न्या."

माझी इतकी स्तुती कुणी केली नव्हती आणि मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. माझं अंग राहणार होतं, रंग राहणार होता, रेघा राहणार होत्या. फक्त मी ज्याच्यामुळे ओढत होतो ते काढलं जाणार होतं. लोक मला बघत जेवले असते.

ठरल्या दिवशी तो पेचकस घेऊन आला. मला टेबलावर ठेवलं. नळी काढून बाजूला टाकली. झाकणाचा पहिला स्क्रू निघाला आणि घरंगळत कुठेतरी गेला. दुसऱ्याला पेचकस लागला तेव्हा थोरली म्हणाली, "थांबा जरा. एकदा चालू करते. बाबा असताना रोज संध्याकाळी हा आवाज यायचा."

तो बाजूला झाला. तिने हाताने बटण दाबलं. मी आधी घुमलो, मग चढत गेलो. आवाजाखेरीज माझ्याजवळ सांगायला काहीच नव्हतं.

टेबलावर अस्तराची एक चिंधी पडली होती. ती हलली, सरकली आणि माझ्या पुढच्या कडीवर जाऊन चिकटली.

थोरलीने ती ओढली. ती सुटेना. तिने चिंधी काढून आपला तळहात कडीवर ठेवला. मी तो धरून ठेवला. मग तिने दुसरा हात मागच्या कडीपाशी नेला. तिथे वारा होता. मला रेखाटनकाराचं बोलणं आठवलं.

तिने मला बंद केलं आणि आईला फोन लावला.

"आई, निळ्याची नळी मागे लावली तर वारा बाहेर येतो?"

"मग मशिनी मी कशानं साफ करते, फुंकर मारून?" बाई म्हणाल्या. "का गं, काय झालं?"

"काही नाही. तू आलीस की सांगते."

मावशीने सुईत दोरा ओवला. "म्हणजे उलटे आपणच होतो," ती म्हणाली.

गृहस्थ जरा नाराज झाला. "अहो, पण आपलं बोलणं झालं होतं."

"बोलणं बिघडलेल्याचं झालं होतं."

तो भला माणूस होता. त्याने वाद घातला नाही. दुसरा स्क्रू त्याने स्वतःच घट्ट केला. पहिला मात्र गुडघ्यांवर रांगून शोधूनही सापडला नाही. जाताना त्याने आपलं कार्ड आरशाच्या कडेला खोचलं. "कधी खरंच बंद पडला तर कळवा," तो म्हणाला.

मित्रांनो, ते कार्ड अजून तिथेच आहे. मी रोज जमीन साफ करतो आणि आरशासमोरून जाताना ते दिसतं. माझी मोटर जुनी आहे, तिला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे झिजत आले आहेत, आणि कधीतरी मी खरंच बंद पडेन हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू कामाला नकार देत असेल, तर ती गेली असं म्हणण्याआधी तिला एकदा हात लावून बघा. ती कुठून ओढते, कुठून सोडते, हे तिच्याजवळ बसलेल्या माणसाला विचारा. तो माणूस दूर असेल तर फोन करा. आणि तिचे स्क्रू जपून ठेवा.

कालपासून झाकण थोडं जास्त थरथरतं आहे. शनिवारी बाई येणार आहेत. त्या पायरी चढताना दुकानात हा आवाज चालू असावा, एवढंच मी सध्या धरून आहे.