चौथ्या फोल्डरमधला आकडा

"मौन आहे ना, मग नुसती सही करा, ताई. बोलायची गरजच नाही," म्हणत सर्वेशने कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला.

सकाळी दहापर्यंत मी बोलत नाही, हे घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षांचा नेम. सर्वेश आमचा टीम लीडर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

कागदावर होतं: सेटिंग बदलताना माझ्याकडून एक फोल्डर राहून गेला.

आम्ही एका रक्ततपासणीच्या लॅबसाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहितो. पोटॅशियम किती वाढलं की डॉक्टरांना लगेच मेसेज जावा, तो आकडा सेटिंगच्या फाइलमध्ये असतो. ही फाइल एकच हवी, प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये. बाकी चारही फोल्डरांनी ती तिथूनच वाचायची. पण आतल्या फोल्डरमधून प्रोग्राम चालवला की फाइल सापडेना, म्हणून सर्वेशने चार कॉप्या करून चारही ठिकाणी टाकल्या. तेव्हाच सकाळच्या मीटिंगमध्ये मी त्याला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: फाइलचा पत्ता मुख्य फोल्डरपासून द्या, कॉप्या नकोत, कधीतरी एक बदलायची राहील. चिठ्ठ्यांचा जमाना गेला म्हणून तो हसला, आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

गेल्या महिन्यात लॅबने मर्यादा सहावरून साडेपाचवर आणली. सर्वेशने तीन कॉप्यांत आकडा बदलला. मेसेज पाठवणारा चौथा फोल्डर राहिला. दहिसरच्या दशरथ मेस्त्रींचं पोटॅशियम पाच पूर्णांक आठ निघालं, आणि कुणालाच कळवलं गेलं नाही. परवा ते जेवता जेवता कोसळले. अजून आयसीयूत आहेत. दोन दिवस देवापुढे त्यांचंच नाव घेते आहे, आणि चूक माझी म्हणून मीच लिहून द्यायचं?

सर्वेश समजावत राहिला. लॅबला फक्त एक नाव हवंय, तुमची नोकरी जाणार नाही, आकडा तर मी परवाच दुरुस्त केलाय. मग जरा वाकून म्हणाला, "तेव्हा तोंडाने बोलला असतात, तर ऐकलं असतं ना मी."

दहाला वीस मिनिटं होती.

"तुला वाचता येत होतं," मी म्हणाले. "खोट्यावर मी सही करणार नाही."

शेजारची गंधाली टाइप करायची थांबली. सर्वेशने घड्याळाकडे पाहिलं, मग वरच्या साहेबांना कळवतो म्हणत कागद उचलून नेला.

मी चारही फोल्डर उघडले. चौथ्यात आकडा अजून सहाच होता.

मुख्य फोल्डरमध्ये एकच फाइल ठेवली, आकडा दोनदा तपासला, चारही फोल्डरांना तिचा पत्ता दिला. मग कॉप्या एकेक करून पुसल्या.

दहा वाजेपर्यंत मी पुन्हा कुणाशी बोलले नाही.