चौतिसावी

शाळेच्या सभागृहात सल्लागार मॅडमचं भाषण रंगात आलं होतं आणि गणिताच्या बाई शेवटच्या रांगेत मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासत बसल्या होत्या. या भाषणाला सगळ्या शिक्षकांनी हजर राहायचं असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. ऐकायचं असा हुकूम नव्हता, एवढीच काय ती सोय.

विषय दर वर्षीचाच: शाळा संपल्यावर थेट पदवीला घेणाऱ्या त्या बड्या बिझनेस स्कूलमध्ये पोरांना प्रवेश कसा मिळवायचा. जागा ऐंशी, अर्ज सहा हजार. मॅडम सांगत होत्या, की गुणांचं काही खरं नाही, गुण सगळ्यांकडेच असतात. नेतृत्व दिसलं पाहिजे. समाजकार्य दिसलं पाहिजे, आणि ते मनापासून केल्यासारखं दिसलं पाहिजे. निबंधात एखादं अपयशही हवं, पण त्यातून मुलगा दुसऱ्याच परिच्छेदात बाहेर पडायला हवा. पालक माना खाली घालून भराभरा उतरवून घेत होते. पुढच्या रांगेतल्या एका वडिलांनी हात वर केला.

"अपयश कितवीतलं चालेल?"

"नववीच्या पुढचं," मॅडम अजिबात न हसता म्हणाल्या. "लहानपणीचं फारसं धरत नाहीत."

वडिलांनी 'नववी' लिहिलं आणि खाली रेघ ओढली. बाईंना हसू आलं नाही, किळस आली. इथे मुलाला काही येतं का, हे कुणी विचारतच नव्हतं. दुकानाच्या काचेत कापड कसं लटकवायचं, एवढीच चर्चा.

बाईंचा या सगळ्या प्रकरणाशी संबंध यायचा तो शिफारसपत्रापुरता. प्रत्येक अर्जाला शाळेतल्या एका शिक्षकाचं पत्र लागायचं, आणि ज्याला बिझनेस स्कूलला जायचं त्याला गणिताच्या बाईंचं पत्र हवं असायचं. लागायचं आणि हवं असायचं, पण लिहायचं कुणी? शाळेत पद्धत अशी पडली होती की पत्र पालकांनीच तयार करून आणायचं, सल्लागार मॅडमच्या नमुन्यावरून. खालच्या चौकोनांतली खूणही करूनच आणायची. शिक्षकाने फक्त सही करायची आणि पाकीट चिकटवायचं. खेळाचे सर तर मैदानावर, समोरच्या मुलाच्याच पाठीवर कागद टेकवून सही ठोकायचे आणि शिट्टी वाजवायला मोकळे व्हायचे.

त्या वर्षी पहिलं पाकीट आलं ते 'चेअरमन'चं. हे नाव त्याला शिक्षकांच्या खोलीनेच दिलेलं. पोरगा तीन मंडळांचा संस्थापक होता. त्यातल्या वाचन मंडळाची आजवर एकच सभा भरली होती, आणि तीही फोटो काढून होईपर्यंत. त्याची आई पाकीट घेऊन आली आणि कानातलं सावरत म्हणाली, "तुम्हाला कशाला तसदी, म्हणून सगळं लिहूनच आणलंय हो. तुम्ही फक्त नजर टाका."

बाईंनी नजर टाकली. 'या मुलाची गणिताची भूक पाहून मी स्वतः नव्याने शिकले,' असं त्यांच्याच नावावर लिहिलेलं होतं. ज्याला टक्केवारी काढायला सांगितली की घाम फुटायचा, त्याची भूक! त्याखाली चार चौकोन होते. 'आजवर शिकवलेल्या सर्व विद्यार्थ्यांत या विद्यार्थ्याचे स्थान': पहिल्या एक टक्क्यात, पहिल्या पाच टक्क्यांत, पहिल्या दहात, आणि उरलेल्यांत. पहिल्या चौकोनात ठसठशीत खूण आधीच बसलेली.

बाईंनी सही केली. का केली? कारण वाद घालायला समोरचं माणूस तेवढ्या लायकीचं वाटावं लागतं. हे पत्र आपलं नाहीच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कचरा बाहेर टाकताना कुणी तो वाचत बसतं का? त्या महिन्यात त्यांनी असे अकरा कागद हातावेगळे केले. दर वेळी नाक मुरडलं, दर वेळी सही केली आणि दर वेळी आपण या घाणीत नाही म्हणून स्वतःवर खूश झाल्या. नाकाने कांदे सोलायची त्यांना फार जुनी सवय.

बाराव्या पत्रासाठी आली ती 'तपासनीस'. हे नाव मात्र बाईंनी स्वतः ठेवलेलं. फळ्यावर चूक झाली की या मुलीचा हात वर गेलाच म्हणून समजायचं. वर्षभरात तिने बाईंच्या सात चुका पकडल्या होत्या, आणि त्यातल्या सहा खऱ्या होत्या. तिच्या आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. बाह्या कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, असली कामं. आई प्रत्येकाला 'शनिवारी या' म्हणायची आणि शनिवारी निम्मी गिऱ्हाइकं तोंडाला येईल ते बोलून जायची. पोरीने तीन महिने घड्याळ लावून कोणत्या कामाला किती वेळ जातो ते मोजलं आणि मग गिऱ्हाइकाला खरी तारीख सांगायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकं पळाली. तिसऱ्या महिन्यात परत आली, येताना शेजारणीला घेऊन आली.

"बाई, पत्र तुम्ही लिहाल?" ती म्हणाली. "मी काही लिहून आणलेलं नाही. मॅडम म्हणाल्या नमुना घे, पण मला ते बरं नाही वाटलं."

"आणखी कुठे कुठे अर्ज करतेयस?"

"कुठेच नाही. घरून जाता येईल असं हे एकच आहे. आईला एकटीला दुकान झेपत नाही."

बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पत्र मागत होतं, सही नाही. "लिहिते," त्या म्हणाल्या. "अगदी मन लावून लिहिते."

आणि लिहिलं त्यांनी. चार दिवस घेतले. दुकानाची गोष्ट लिहिली, फळ्यावरच्या सहा चुका लिहिल्या, आणि न झालेली सातवीही लिहिली, कारण आपलंच चुकलं हे कळल्यावर पोरीने वर्गात उभं राहून माफी मागितली होती. असं पत्र त्यांनी कधी कुणासाठी लिहिलं नव्हतं. वाचून त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. मग त्या चौकोनांपाशी आल्या आणि त्यांचं पेन थांबलं.

आजवर शिकवलेल्या सर्व विद्यार्थ्यांत. प्रश्न सरळ होता, त्याला सरळ उत्तर होतं. बाईंनी कपाटातली बावीस वर्षांची निकालपत्रकं काढली आणि दोन दुपारी शिक्षकांच्या खोलीत ती पसरून बसल्या. वर्षाला साधारण एकशे चाळीस, म्हणजे तीन हजार ऐंशी मुलं. एक टक्का म्हणजे तीस. त्या एकेक नाव आठवत गेल्या, यादी करत गेल्या, खोडत गेल्या, वरखाली करत गेल्या. खेळाच्या सरांनी डोकावून विचारलं, "काय शोधताय एवढं?"

"खरं उत्तर," बाई म्हणाल्या. सर बिचारे पाणी पिऊन निघून गेले.

मुलगी चौतिसावी आली. बाईंनी यादी पुन्हा पाहिली. कुणाला खाली ढकलता येईल का, हेही पाहिलं. नाही येत. तीन हजारांत चौतिसावी, म्हणजे केवढं कौतुक! त्यांनी दुसऱ्या चौकोनात बारीक, नेटकी खूण केली. बाकीच्यांच्या पत्रांवर थापा असतील. या पत्रावर असणार नाहीत. ज्याला वाचता येतं त्याला फरक कळेलच, अशी त्यांची खात्री होती.

निकाल लागला तेव्हा शाळेतून तिघं आत गेले. चेअरमन त्यातला एक. त्याच्या आईने शिक्षकांच्या खोलीत फुलांची टोपली पाठवली. तपासनीस नव्हती. प्रतीक्षा यादीतही नव्हती. बाई दोन दिवस अस्वस्थ होत्या, तिसऱ्या दिवशी तणतणत सल्लागार मॅडमच्या केबिनमध्ये शिरल्या.

"तुमची तिथे ओळख आहे ना? विचारा त्यांना. असल्या मुलीला घेत नाहीत आणि त्या दगडाला घेतात, म्हणजे वाचतात तरी काय ते?"

मॅडमने फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झालं, हसून झालं, मग तिने नाव सांगितलं आणि बराच वेळ नुसतं 'हं, हं' केलं. फोन ठेवून ती बाईंकडे वळली.

"तुम्ही दुसऱ्या चौकोनात खूण केलीत?"

"हो. बरोबरच आहे ती."

"अहो बाई!" मॅडमने कपाळावर हात मारला. "सहा हजार अर्ज कोण वाचत बसणार? पाकीट फोडलं की आधी चौकोन संगणकात भरतात. पहिला नसेल तर फाइल बाजूला. दुसरा चौकोन म्हणजे शिक्षकाला हा मुलगा नको आहे पण तोंडावर सांगवत नाही, असं धरतात तिथे. शिपायालासुद्धा माहीत आहे हे."

"पण मी चार पानं लिहिली आहेत. त्यात सगळं—"

"पत्र वाचलंच नाही त्यांनी."

समोरची ही बाई, जिला त्यांनी आजवर कवडीची किंमत दिली नव्हती, ती खरोखर हळहळत होती. "मला एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली. खरंच, का नव्हतं विचारलं? कारण हिला काय विचारायचं, असं वाटलं होतं. अकरा ठोंब्यांना त्यांनी न तोलता आत ढकलायला हात लावला होता, आणि जिची खरी कदर होती, नेमका तिच्यासाठीच तराजू काढला होता. आता ओक्साबोक्शी रडावं असं त्यांना वाटलं, पण त्या केबिनमध्ये रडणं त्यांच्याच्याने झालं नाही.

मुलगी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तेव्हा स्वतःहून बाईंना भेटली. शिक्षकांच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बाई, तुमचे आभार मानायचे होते. पत्र तुम्ही चांगलंच लिहिलं असणार. माझाच निबंध कमी पडला. अपयशाचं काही लिहिलं नव्हतं मी."

तिथेच गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण बाईंनी सगळं सांगितलं: चौकोन, निकालपत्रकं, यादी, फोन. मुलगी ऐकत उभी राहिली. मग तिने विचारलं, "एकूण मुलं किती धरलीत?"

"तीन हजार ऐंशी."

तिने क्षणभर वर पाहिलं. "एक पूर्णांक एक दशांश टक्का. बरोबर आहे, बाई. दुसराच चौकोन येतो." त्यात राग नव्हता. ती नेहमीसारखी तपासत होती. "आणि तो? तो कितवा आला?"

"त्याचं मी काढलंच नाही," बाई म्हणाल्या. "ते पत्र तयार आलं होतं."

"म्हणजे यादी फक्त माझीच केलीत."

"पुढच्या वर्षी परत अर्ज कर," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मी दुसरं पत्र देते. पहिल्या चौकोनात खूण करते. आत्ताच करून देते हवं तर."

"अर्ज करणारच आहे. वर्षभर दुकानात बसेन तोवर." मुलीने दाखला घडी घालून पिशवीत ठेवला. "पण पत्र तुमच्याकडून नको, बाई. तुम्हाला आता माहीत आहे की मी पहिल्या तिसांत नाही. तुम्ही खूण केलीत तर ते खोटं होईल. खेळाच्या सरांना माहीत नाही, त्यांचं चालेल."

"ते तुला ओळखतात तरी का?"

"नाही ओळखत. मी लिहूनच नेईन, त्यांना सहीच तर करायची आहे."

दारापाशी जाऊन ती थांबली आणि सल्लागार मॅडम किती वाजेपर्यंत असतात ते तिने विचारलं. नमुना घ्यायचा होता. बाईंनी वेळ सांगितली.