डालग्याखालचं पीठ

मेंढ्या राखताना माझ्या दोस्ताला, बाजीला, साप चावला. दवाखान्यात त्याचं हृदय बंद पडलं, तेव्हा घाई मीच केली. त्याच्या बायकोला, बानूवहिनीला, फोन लावून सांगितलं, "बाजी गेला." थोड्या वेळानं हृदय पुन्हा चालू झालं, पण गावाकडं, मालेत, परत फोन लागेना. दुसऱ्या दिवशी खरी बातमी पोचेपर्यंत वहिनीनं घरात पीठ पसरून त्यावर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घातलं होतं. मेलेला कोणत्या जन्माला गेला, ते म्हणे पिठात उमटलेल्या पावलावरून कळतं.

शुद्धीवर आल्यावर बाजी हळूच मला म्हणाला, "रत्नदीप, मी तितं ओलाचिंब हुतो. कुनीतरी मला चाटत हुतं."

"डोक्याला रक्त कमी पडलं की असलंच वाटतं," मी खेकसलो. आम्ही बौद्ध. आत्माबित्मा मी मानत नाही.

चौथ्या दिवशी त्याला घरी आणलं. डालगं तसंच होतं, वर दगड ठेवलेला. हात लावायला कुणी धजेना.

"भित्रे लेकाचे!" म्हणत मी दगड ढकलला आणि डालगं उचललं.

पिठात दुभंगलेला इवलासा खूर उमटला होता. नुकत्याच जन्मलेल्या कोकराचा.

मी घाईघाईनं तळहातानं पीठ सपाट केलं. बाजी मागं भिंतीला टेकून बसला होता. माझ्या पाठीआडून त्याला काही दिसलं नव्हतं.

"काय हुतं रं?"

"काही नाही. नुसतं पीठ."

तो माझ्या पांढऱ्या झालेल्या हाताकडे बघत राहिला.

"मग पुसलंस कशाला?"