सतरा नंबरची पेटी

खाणीच्या दगडघरात शब्द चालायचा तो थरमास्तरांचा. ड्रिलमधून निघालेल्या दगडाच्या दांड्या पेट्यांत मांडायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या आणि बोटभर थरही न चुकवता नोंदवायचा, हे त्यांचं काम. दांडी पेटीत जाण्याआधी ते तिच्यावर एक तांबडी आणि एक निळी रेघ ओढत. तांबडी उजवीकडे असली, की दांडी सुलटी, वरचं टोक वर. एकवीस वर्षांत हा नेम एकदाच मोडला: मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. रेघा न ओढताच घाईत निघाले, चार दिवसांनी परतले आणि दांडी पेटीत जशी सापडली, तशीच तिच्यावर रेघा ओढून मोकळे झाले.

त्या लग्नाने मिळालेले जावई याच खाणीत दगड सुटू नये म्हणून छताला बोल्ट मारत. एका शुक्रवारी सकाळी सव्वादहाला सासऱ्यांचा डबा द्यायला आले.

"मामा, दगड बघून बघून तुमच्या कपाळावरही थर चढलेत."

"चेष्टा करा. रोज ज्याच्याखाली डोकं घालता, ते बघा तरी." जावई खाली ज्या कोपऱ्यात काम करत, मास्तरांनी मुद्दाम तिथलीच, सतरा नंबरची पेटी ओढली. "हा काळा पट्टा. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे तापलेला रस साचला, सावकाश निवत गेला. जड कण तळाशी बसले. मग खालून ताजा रस घुसला, गंधकाचे थेंब सुटले, त्यांनी आजूबाजूचं प्लॅटिनम गिळलं आणि या पट्ट्यात येऊन बसले. टनभर दगडात चिमूटभर."

"डोंगर पोखरून उंदीर!"

"उंदीर प्लॅटिनमचा आहे, जावईबापू. म्हणून पगार होतो."

"पण तळ कुठला, हे कसं कळतं?"

"सोपं आहे. खालची कड सुरीने कापल्यासारखी. वरची विरत जाते."

जावयांनी अंगठा फिरवला. "मग ही कापलेली कड वर कशी?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कड वरच होती, आणि पेटीवरची तारीख लग्नाच्या आठवड्यातली.

पट्ट्याखाली चार हातांवर काळे बारीक धागे होते. इतर भोकांत ते पट्ट्याच्या खूप वर सापडत. इथेच खाली का, यावर मास्तरांनी तेव्हा छान दोन पानं लिहिली होती. साहेबांनी पाठही थोपटली होती. दांडीच उलटी असेल, तर धागे पट्ट्याच्या वर, म्हणजे छतात होते. दगड सुटतो तो त्याच धाग्यांवरून. आणि मास्तरांच्या दोन पानांच्या भरवशावर तिथे बोल्ट मारले होते फक्त तीन हातांचे.

"मामा, आत्ता खाणीत फोन करा. माझी पाळी दोनला खाली उतरते."

"शेजारची पेटी ताडून बघतो. चुकीचं निघालं तर हसं होईल."

"होऊ द्या की."

"दुपारपर्यंत सांगतो, म्हटलं ना!"

जावई उठले. "कागद नसेल तर मुकादम ऐकायचा नाही," एवढंच म्हणाले.

साडेअकराला मास्तरांची खात्री पटली. मग ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर 'चूक' होतं, ते खोडून 'तफावत' केलं. तिसऱ्यावर 'फेरतपासणीची गरज'. मग अक्षर बरं नाही म्हणून चौथा घेतला. डबा तसाच राहिला.

खाली मुकादमाने खरोखरच कागद मागितला. जावयांनी मग त्याच्याशी भांडून सोबतच्या चौघांना मागे काढलं आणि एकट्याने लाकडी टेकू लावायला घेतले. पावणेचारला छत खाली आलं. भोंगा वाजला तेव्हा मास्तर सहीच्या खाली तारीख घालत होते.

चौकशीत त्यांनी सांगितलं, दुपारी तीनला लक्षात आलं. कुणी खोदून विचारलं नाही. एकवीस वर्षांचं नाव होतं.

तेराव्या दिवशी मुलगी माहेरी आली. डबा मागितला. मास्तरांनी तो धुऊन ठेवला होता.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"दुपारी," मास्तर म्हणाले. "तीनच्या सुमारास."

तिने झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"ते अकराला घरी आले होते, बाबा. जेवले नाहीत. दोनदा विचारलं मला, मामांचा फोन आला का म्हणून."